अंकांची सखी : शकुंतला देवी

प्रास्ताविक

काही मुलांची बुद्धी शाळेच्या अभ्यासक्रमापुढे धावत असते. वर्गात बेरीज-वजाबाकी चालू असताना त्यांच्या मनात गुणाकार, वर्ग आणि घन यांची गणिते घोळत असतात. अशा मुलाला घरी काय द्यावे, किती द्यावे आणि कशा रीतीने द्यावे, हा प्रश्न पालकांना पडतो. या पाठात आपण अशाच एका मुलीची जीवनकथा वाचणार आहोत. तिला गणिताची देणगी जन्मजात लाभली होती. घराने ती देणगी ओळखली आणि जोपासली. परंतु शाळेचे दार मात्र तिच्यासाठी जेमतेम तीन महिने उघडले. ही मुलगी पुढे जगभर मानवी संगणक म्हणून ओळखली गेली. तिचे नाव शकुंतला देवी.

बंगळूरमधील बालपण

शकुंतला देवी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२९ रोजी बंगळूर येथे झाला. त्या वेळी हे शहर मैसूर संस्थानात होते. आज त्याचे अधिकृत नाव बंगळुरू असे आहे. त्यांचे घराणे कन्नड ब्राह्मणांचे. घराण्याच्या रीतीप्रमाणे वडिलांनी देवळातील पौरोहित्य करावे, अशी अपेक्षा होती. वडिलांचा ओढा मात्र वेगळ्याच दिशेला होता. पूजापाठाचा मार्ग सोडून ते सर्कशीत दाखल झाले. उंच झुल्यावरील कसरती, तारेवरून चालणे, सिंहांना शिकवणे आणि हातचलाखीचे खेळ करणे हा त्यांचा व्यवसाय झाला.

या व्यवसायात नाव होते, पण स्थैर्य नव्हते. शहराच्या दक्षिण भागातील गवीपुरम-गुट्टहळ्ळी परिसरातील गरीब वस्तीत हे कुटुंब राहत असे. घरात पुस्तकांची कपाटे नव्हती, पाटी-पेन्सिलीचीही चणचण होती. याच शहराच्या उत्तर भागात जमशेदजी टाटा यांच्या दूरदृष्टीतून १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली होती. देशातील नामवंत शास्त्रज्ञ तेथे संशोधन करीत होते. एकाच शहरात विज्ञानाचे एवढे मोठे पीठ होते आणि त्याच शहरात एका असामान्य बुद्धीच्या मुलीला प्राथमिक शाळाही दुर्मीळ होती. हा विरोधाभास त्या काळच्या समाजस्थितीवर पुरेसा प्रकाश टाकतो.

पत्त्यांचा डाव

शकुंतला तीन वर्षांची असताना वडील तिच्याबरोबर पत्ते खेळत. खेळता खेळता त्यांच्या लक्षात आले, की ही चिमुरडी वारंवार डाव जिंकते. स्वतः हातचलाखीत तरबेज असल्यामुळे मुलगी काही लबाडी करीत असावी, अशी शंका त्यांना प्रथम आली. बारकाईने पाहिल्यावर मात्र खरा प्रकार उघड झाला. कोणता पत्ता कोणत्या क्रमाने पडला, हे ती लक्षात ठेवीत होती आणि त्यावरून पुढील पत्त्यांचा अंदाज बांधीत होती. लबाडीचा तेथे मागमूसही नव्हता.

हा प्रसंग लहानसा असला, तरी महत्त्वाचा आहे. वडील गणिताचे पदवीधर नव्हते, शिक्षकही नव्हते. तरीही मुलीचे वेगळेपण प्रथम त्यांच्याच ध्यानी आले, कारण ते तिच्याशी खेळत होते आणि खेळताना तिचे निरीक्षण करीत होते. मुलाची बुद्धी ओळखण्यासाठी पालकाजवळ मोठी विद्वत्ता असावी लागते असे नाही. मुलासाठी वेळ आणि सावध दृष्टी असली, तरी पुष्कळ काम साधते.

वडिलांनी आता मुलीला आकड्यांचे खेळ घालण्यास प्रारंभ केला. वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत ती अवघड गणिते तोंडी सोडवू लागली. सर्कस सोडून वडील तिच्यासह गावोगावी फिरू लागले. मोठमोठ्या आकड्यांचे गुणाकार आणि मुळे ही चिमुकली मुलगी लोकांसमोर क्षणार्धात सांगे आणि प्रेक्षक थक्क होत. सहाव्या वर्षी मैसूर विद्यापीठातील विद्वानांसमोर तिचा कार्यक्रम झाला. दोन वर्षांनी अण्णामलई विद्यापीठातही तिने आपले कौशल्य दाखवले. प्राध्यापक मंडळींनी घातलेली गणिते जिने सोडवली, तिने तोपर्यंत एका इयत्तेचीही परीक्षा दिलेली नव्हती.

शाळेचे तीन महिने

या यशाला दुसरी बाजूही होती. मुलीच्या कार्यक्रमांतून मिळणाऱ्या पैशांवर घर चालू लागले. खेळण्याबागडण्याच्या वयात ती कुटुंबाची पोशिंदी झाली. जी कला आनंदासाठी सुरू झाली होती, तिच्यावर आता चूल अवलंबून राहिली. गावोगाव हिंडणाऱ्या मुलीला शाळा कुठून मिळणार?

पुढे मोठेपणी त्यांनी सांगितलेल्या आठवणींनुसार, दहाव्या वर्षी त्यांचे नाव चामराजपेठेतील एका कॉन्व्हेंट शाळेत पहिल्या इयत्तेत घालण्यात आले. शाळेचे शुल्क दरमहा २ रुपये होते. तेवढी रक्कमही घरच्यांना भरता आली नाही आणि तीन महिन्यांत शाळा सुटली. लाखांच्या घरातील संख्या मनातल्या मनात हाताळणाऱ्या मुलीचे शिक्षण दोन रुपयांपायी थांबले.

वाचन, लेखन आणि इंग्रजी भाषा यांची कमाई त्यांनी पुढे स्वप्रयत्नांनी केली. या पाठाचे अनेक वाचक शाळेपासून दुरावून पुन्हा अभ्यासाकडे वळलेले आहेत. शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले असे नव्हे, याचे एक ठळक उदाहरण म्हणून त्यांना हे चरित्र निश्चितच जवळचे वाटेल.

देशोदेशींचे प्रयोग

१९४४ साली शकुंतला देवी वडिलांसह लंडनला गेल्या. त्या वेळी त्यांचे वय पंधरा वर्षांच्या आतबाहेर होते. तेथून त्यांच्या परदेशी कार्यक्रमांना सुरुवात झाली. ५ ऑक्टोबर १९५० रोजी बीबीसीच्या एका कार्यक्रमात त्यांना एक गुंतागुंतीचे गणित घालण्यात आले. त्यांचे उत्तर आणि सूत्रसंचालकाजवळील उत्तर जुळेना. त्या आपल्या उत्तरावर ठाम राहिल्या. फेरतपासणी केली, तेव्हा चूक सूत्रसंचालकाजवळील उत्तरात असल्याचे आढळले. त्यानंतर त्यांना मानवी संगणक असे संबोधण्यात येऊ लागले. हे बिरूद मात्र त्यांना फारसे रुचले नाही. संगणक ही माणसाच्याच बुद्धीची निर्मिती आहे, म्हणून मानवी मनाची योग्यता यंत्राहून अधिक आहे, अशी त्यांची धारणा होती.

१९७७ साली अमेरिकेतील डलास येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात त्यांना २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ काढण्यास सांगण्यात आले. त्यांनी ५० सेकंदांत ५४६३७२८९१ हे उत्तर दिले. हेच गणित युनिव्हॅक ११०१ या संगणकावर तपासून पाहण्यासाठी खास आज्ञावली लिहावी लागली आणि त्या यंत्राला ६२ सेकंद लागले.

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रयोग झाला. तेथील संगणक विभागाने कोणताही क्रम न ठेवता निवडलेल्या दोन तेरा अंकी संख्या त्यांच्यासमोर ठेवण्यात आल्या. त्या संख्या ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९ अशा होत्या. त्यांचा गुणाकार १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३० हा आहे. हे सव्वीस अंकी उत्तर त्यांनी २८ सेकंदांत अचूक सांगितले. गिनीज बुकच्या १९८२ च्या आवृत्तीत या विक्रमाची नोंद झाली.

एवढा मोठा गुणाकार आपल्याला चटकन करता येणार नाही. पण त्याची पडताळणी करण्याची एक जुनी युक्ती आपल्या घरोघरी माहीत होती. तिला नऊचा ताळा म्हणतात. पहिल्या संख्येतील सर्व अंकांची बेरीज ७८ येते. ७ आणि ८ मिळवल्यास १५, आणि १ व ५ मिळवल्यास ६ उरतात. दुसऱ्या संख्येतील अंकांची बेरीज ७४ येते. ७ आणि ४ मिळून ११, आणि १ व १ मिळून २. आता ६ आणि २ यांचा गुणाकार १२, त्यांतील अंकांची बेरीज ३. उत्तरातील सव्वीस अंकांची बेरीज १३८ येते. १, ३ आणि ८ मिळून १२, म्हणजे पुन्हा ३. ताळा जुळला. ताळा जुळला नाही तर उत्तर निश्चित चुकलेले असते. जुळला तर ते बरोबर असण्याचा संभव वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. अशी पडताळणी आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही कागदावर सहज करता येते.

गणिताचे रहस्य

एवढी शीघ्रता माणसाला साधते तरी कशी? या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी १९८८ साली बर्कली येथे शकुंतला देवी यांच्या काही चाचण्या घेतल्या. ६१६२९८७५ चे घनमूळ ३९५ आहे आणि १७०८५९३७५ चे सातवे मूळ १५ आहे. ही उत्तरे जेन्सन यांना वहीत गणित उतरवून घेण्याचाही अवधी न देता त्यांनी सांगितली.

जेन्सन यांचे संशोधन १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यातील निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. दिवा लागताच कळ दाबणे यांसारख्या साध्या चाचण्यांत शकुंतला देवींचा वेग इतरांपेक्षा विलक्षण नव्हता. त्यांचे असामान्यत्व दिसत होते ते केवळ आकड्यांच्या प्रांतात. संख्यांविषयीची प्रचंड माहिती आणि गणनेच्या रीती त्यांच्या स्मृतीत इतक्या खोलवर मुरल्या होत्या, की त्या आपोआप हाताशी येत. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर बालपणापासून आकड्यांशी जडलेली मैत्री आणि त्यांचा अखंड सहवास हा या कौशल्याचा मोठा आधार होता.

या मैत्रीत आकड्यांच्या स्वभावाची ओळख असते. ती कशी असते, हे एका लहान उदाहरणावरून पाहू. ३९३०४ ही एका पूर्ण संख्येचा घन आहे, एवढे माहीत असल्यास तिचे घनमूळ तोंडी काढता येते. शेवटचे तीन अंक बाजूला ठेवले, की ३९ उरतात. ३ चा घन २७ आणि ४ चा घन ६४. ३९ ही संख्या या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून घनमुळाच्या दशकस्थानी ३ येणार. आता एककस्थान पाहू. ज्या संख्येच्या शेवटी ४ असतो, तिच्या घनाच्या शेवटीही ४ च येतो. ४ वगळता इतर कोणत्याही अंकाने हे घडत नाही. म्हणून घनमूळ ३४. १ ते ९ या अंकांचे घन पाठ असलेले मूल हा खेळ घरातल्या मंडळींना सहज करून दाखवू शकते. येथे जादू नाही, आकड्यांमधील नियम आहे.

दिनांकावरून वार सांगणे हादेखील शकुंतला देवींचा आवडता प्रयोग होता. त्यामागचे तत्त्वही सोपे आहे. ३६५ दिवसांत ५२ आठवडे होऊन १ दिवस उरतो. त्यामुळे एखाद्या तारखेचा वार पुढच्या वर्षी एकाने सरकतो आणि मध्ये २९ फेब्रुवारी आल्यास दोनाने सरकतो. त्यांच्या जन्मदिवशी, ४ नोव्हेंबर १९२९ रोजी, सोमवार होता. १९३० साली त्याच तारखेला मंगळवार आला, १९३१ साली बुधवार. परंतु १९३२ हे लीप वर्ष असल्याने त्या वर्षी गुरुवार ओलांडून शुक्रवार आला. भिंतीवरची दिनदर्शिका हेसुद्धा गणिताचे पुस्तक होऊ शकते, ते असे.

घर आणि शाळा

शकुंतला देवी यांनी आपल्या जवळील युक्त्या गुप्त ठेवल्या नाहीत. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिगरिंग : द जॉय ऑफ नंबर्स’ या पुस्तकात त्यांनी गणनेच्या अनेक सुलभ रीती सामान्य वाचकांसाठी उलगडून दाखवल्या. कोड्यांची पुस्तकेही त्यांनी लिहिली. पालकांसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘अवेकन द जीनियस इन युअर चाइल्ड’ या पुस्तकाचा विषय मुलांच्या बुद्धीचा विकास हाच आहे. जिला स्वतःला शाळा लाभली नाही, तिने इतरांच्या मुलांसाठी घरातील शिक्षणाचा विचार मांडावा, यात मोठे औचित्य आहे.

आपल्याकडेही घरातील गणिताची परंपरा होती. संध्याकाळी दिवेलागणीनंतर परवचा म्हणताना मुले पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकीही म्हणत. अपूर्णांकांचे गुणाकार त्यांच्या जिभेवर असत. मात्र नुसते पाठांतर पुरेसे नसते. त्याला कुतूहलाची जोड लागते. महाराष्ट्रातील दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे उदाहरण येथे आठवते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. वडिलांना ज्योतिषाची आवड होती आणि त्यातील आकडेमोडीतूनच मुलाला संख्यांचा छंद जडला. कापरेकरांना शाळा मिळाली, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकता आले आणि देवळाली येथे शिक्षकाची नोकरी करता करता त्यांनी संख्यांचा अभ्यास आयुष्यभर चालू ठेवला. ६१७४ हा त्यांनी शोधलेला स्थिरांक आज त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो.

दोघांच्याही घरी वडिलांमुळे आकड्यांची गोडी लागली. फरक पुढच्या वाटेत पडला. कापरेकरांच्या छंदाला शाळेची चौकट मिळाली; त्यातून संख्यांविषयीचे नवे प्रश्न आणि नवे शोध जन्मले. शकुंतला देवींच्या देणगीला रंगमंच मिळाला; तेथे प्रेक्षकांना उत्तर हवे होते आणि तेही ताबडतोब. गणितात वेगाने उत्तर काढणे हा एक भाग आहे. उत्तर तसे का येते याची सिद्धता देणे, हा दुसरा आणि अधिक खोल भाग आहे. हा दुसरा भाग शिकवणारे गुरुजन लहान शकुंतलेला लाभते, तर तिची बुद्धी कोणत्या क्षेत्रात संचार करती, हा प्रश्न मनाला चटका लावतो.

म्हणूनच वर्गापुढे धावणाऱ्या मुलाला घरी गणित देताना काही गोष्टींचे भान ठेवावे. पुढच्या इयत्तेचे पुस्तक घाईने संपवण्यापेक्षा आहे त्याच विषयात खोल जाणारे प्रश्न द्यावेत. उत्तर मिळाल्यावर ते कसे मिळाले, हे मुलालाच सांगू द्यावे. बाजारहाट, दिनदर्शिका, पत्ते, स्वयंपाकातील मापे यांतून गणिते काढावीत. पाहुण्यांसमोर मुलाचे प्रदर्शन मांडण्याचा मोह आवरावा, कारण टाळ्यांची सवय लागली, की चुकण्याची भीतीही वाढते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरचे शिक्षण शाळेला पूरक असावे. घराने शाळेची जागा घेण्याचे कारण नाही आणि शाळेने मुलाची ओढ दाबण्याचेही कारण नाही.

उत्तरायुष्य

१९६० नंतरच्या दशकात शकुंतला देवी भारतात परतल्या. कोलकात्यातील भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी परितोष बॅनर्जी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक कन्या झाली. १९७९ साली हा विवाह संपुष्टात आला. १९७७ साली त्यांनी समलिंगी व्यक्तींच्या जीवनावर एक पुस्तक लिहिले. ज्या विषयावर त्या काळी उघडपणे बोललेही जात नसे, त्या विषयाचा भारतातील हा एक आरंभीचा अभ्यास मानला जातो. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबई आणि आंध्र प्रदेशातील मेडक या मतदारसंघांतून त्या अपक्ष उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. मेडक येथे त्यांच्यासमोर इंदिरा गांधी होत्या. निवडणुकीत त्यांना यश आले नाही. पण मनाला पटेल ते निर्भयपणे करण्याचा त्यांचा स्वभाव यातून दिसून येतो. ज्योतिष सांगण्याचा व्यवसायही त्यांनी अनेक वर्षे केला.

आयुष्याच्या अखेरच्या काळात त्या पुन्हा बंगळुरूमध्ये स्थायिक झाल्या. २१ एप्रिल २०१३ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्याच शहरात त्यांचे निधन झाले. १९८० साली केलेल्या विक्रमाचे प्रमाणपत्र गिनीज संस्थेने ३० जुलै २०२० रोजी त्यांच्या कन्येकडे सुपूर्द केले. त्याच वर्षी त्यांच्या जीवनावर आधारलेला हिंदी चित्रपटही प्रदर्शित झाला.

आज संगणक त्या तेरा अंकी गुणाकाराला क्षणाचाही अवधी लावत नाही. तरीही शकुंतला देवींचे महत्त्व कमी झालेले नाही. गणित हा भीतीचा विषय नसून मैत्रीचा विषय आहे, हे त्यांनी लाखो सामान्य माणसांना पटवून दिले. त्यांच्या वडिलांनी पत्त्यांच्या डावातून मुलीची बुद्धी ओळखली, हे त्या घराचे श्रेय. दोन रुपयांच्या अभावी तिला वर्गाबाहेर बसावे लागले, हे त्या समाजाचे न्यून. यांपैकी पहिल्या गोष्टीचे अनुकरण करणे आणि दुसरी गोष्ट पुन्हा घडू न देणे, हे आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

१. शकुंतलेच्या असामान्य बुद्धीची जाणीव वडिलांना कशी झाली, ते थोडक्यात लिहा.
२. शकुंतला देवींच्या यशाची दुसरी बाजू कोणती होती? तिचा त्यांच्या शिक्षणावर काय परिणाम झाला?
३. जेन्सन यांच्या संशोधनातून कोणता निष्कर्ष निघाला, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
४. कापरेकर आणि शकुंतला देवी यांच्या जीवनातील साम्य व भेद स्पष्ट करा.
५. उपक्रम : पाठातील रीत वापरून ७४०८८ चे घनमूळ तोंडी काढा. ही रीत घरातील एखाद्या मुलाला शिकवा आणि ती का लागू पडते, हे त्याच्याकडून वदवून घ्या.